नियम क्रमांक सात

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. एक तारखेलाच सुरू करणार होतो, पण तो शनिवार निघाला. शनिवारी सुरू केलेलं माझ्याकडून काही टिकत नाही.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. वरच्या ऑफिसचं पत्र आलंय, प्रत्येक शाखेत एक सुरक्षा समन्वयक हवा. विचार करून सांगतो म्हणालो, आणि दारापर्यंत पोचायच्या आत सांगून टाकलं. पद बिनपगारी आहे, पण आयकार्डाला हिरवी पट्टी मिळते.

पहिलं काम टोनरचं. झेरॉक्सताईंचा खोकला तीन महिने हटत नाहीये. त्या बसतात ती खोली पूर्वी स्टेशनरीची होती. दोन प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन, एक ताई. खिडकी नाही. मी कागद द्यायला जातो तेव्हा श्वास रोखून जातो. अकरा सेकंदांत काम होतं. त्यांनाही ही युक्ती सांगायला हवी.

४ फेब्रुवारी, मंगळवार
ड्रॉवर आवरताना ताईंचा अर्ज सापडला. विषय: बसण्याची जागा बदलून मिळण्याबाबत. तारीख १९ सप्टेंबर. हरवला नव्हता हे महत्त्वाचं. विचाराधीन होता.

अडचण अशी की आमच्या मजल्यावर उघडणारी खिडकी एकच, आणि तिच्यापाशी मी बसतो. सतरा वर्षं. बाकीच्या काचा पक्क्या बसवलेल्या आहेत. मला अधूनमधून लांबवर बघितल्याशिवाय मसुदा सुचत नाही. हे हेडक्लार्कच्या कामाचं स्वरूप आहे, चैन नव्हे.

दुपारी मॅडम म्हणाल्या की डॉक्टरांनी ताईंना सांगितलंय, जागा बदला नाहीतर नोकरी बदला. महिनाअखेरपर्यंत वाट बघून त्या राजीनामा देणार आहेत. नऊ वर्षांत त्यांनी मला एक प्रत वाकडी दिलेली नाही. गेल्या तर वाईट वाटेल. खरं तर आत्ताच वाटलं. पाणी प्यायलो.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सखोल अभ्यास. सव्वा तास.
टोनर म्हणजे शाई नव्हे. प्लॅस्टिकची अतिशय बारीक भुकटी, त्यात काळा रंग. मशीन तिला तापवून कागदावर वितळवतं. विष नाही, पण नाकात-छातीत जाते, आणि ज्याला आधीच खोकला किंवा दमा आहे त्याला जास्त छळते.

सूचनापत्रक तयार केलं. एक, मास्क. दोन, हातमोजे. तीन, कार्ट्रिज उघडून बघू नये. चार, सांडलेल्या भुकटीवर फुंकर मारू नये, ओल्या फडक्याने टिपावी. पाच, घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, भुकटी त्यातून आरपार जाते. सहा, हात आणि कपडे थंड पाण्यानेच धुवावेत, गरम पाण्याने टोनर पक्का बसतो.

सहा नियम तोकडे वाटत होते. जेवणाची सुट्टी झाली होती, म्हणून माहितीतली एक ओळ उचलून सातवा केला: मशीन व ते चालवणारी व्यक्ती उघडत्या खिडकीजवळ असावी. खाली सही ठोकली.

ताईंनी प्रिंट काढली, वाचली आणि हसल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा. माझी भाषाच तशी आहे. पत्रक मॅडमच्या ट्रेमध्ये ठेवलं. त्या दौऱ्यावर, बुधवारी येतील.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
पत्रक बायकोला कौतुकाने वाचायला दिलं. सातवा नियम फार चांगला म्हणाली. मग विचारलं की तुम्ही कुठे बसणार.
मी पत्रक पुन्हा वाचलं.
ती म्हणाली, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
सकाळी ९.५०. योजना तयार. सातवा नियम काढून नवी प्रिंट, मॅडमच्या ट्रेमधली जुनी बाहेर. ताई छातीच्या एक्स-रेसाठी रजेवर. मैदान मोकळं.

१०.४०. प्रिंट काढली. मधोमध पांढरा पट्टा. टोनर संपत आलाय. अशा वेळी ताई कार्ट्रिज काढून हलवतात. शेकडो वेळा पाहिलंय, अर्थात दारातून, अकरा सेकंद.

१०.५५. मास्कचा खोका तळमजल्यावर आहे. काम दोन मिनिटांचं. हातमोजे मास्कच्याच खोक्यात. उजेड चांगला म्हणून कार्ट्रिज माझ्या टेबलावर आणलं.

११.१०. ताई आडवं हलवतात की उभं, यावर थोडा गोंधळ झाला. मी दोन्ही केलं. मग एक झाकणासारखी पट्टी दिसली, ती ओढली. ती झाकण नव्हती.

११.१५. फुंकर मारली नाही. शिंक आली. शिंकेबद्दल नियमांत काही नाही, ही त्रुटी पुढच्या आवृत्तीत दूर करावी.

११.३०. घर पाच मिनिटांवर आहे. आमचा व्हॅक्यूम क्लीनर घरगुती म्हणता येणार नाही, चांगला मोठा आहे.

१२.१०. टोनर पुढून आत गेला, मागून बाहेर आला. मागे फायलींचं कपाट होतं. सतरा वर्षांच्या फायली. शिपाई दारात येऊन बघून गेला. जाताना दार बाहेरून ओढून घेतलं, हे मला जास्त लागलं.

संध्याकाळी ६.००. ओल्या फडक्याने पुसण्यात दिवस गेला. ट्रेला हात लावायला वेळच झाला नाही. शर्ट गरम पाण्यात भिजवला. थंड पाण्याने पांढरा शर्ट निघत नाही, हा माझा वैयक्तिक अनुभव. शर्ट आता राखाडी आहे. मुळात पांढरा शोभत नव्हताच.
बायको व्हॅक्यूम क्लीनरकडे बघून म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं म्हणाली नाही. कोरडा पाषाण समोरच उभा होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार
खोकला. रुमालावर काळं. मृत्युपत्राचा विचार केला, पण लिहायला काही फारसं नाही.

डॉक्टरांनी छाती तपासली. किती वेळ त्या भुकटीत होतात, त्यांनी विचारलं. तासभर म्हणालो. दोन-तीन दिवसांत बरं वाटेल म्हणाले. मग मी विचारलं की समजा कुणी नऊ वर्षं रोज तिच्याजवळ बसलं तर. ते पेन थांबवून म्हणाले की कोण बसतंय. मी विषय बदलला.

घरी येताना जिन्यात दोनदा टेकलो. आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. ताई रोज चढतात. लाज वाटली. नोंद करून ठेवतो, कारण उद्यापर्यंत टिकेल याची खात्री नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
लाज ओसरली. नऊ वाजताच ऑफिस गाठलं, पण मॅडम साडेआठला आल्या होत्या. ट्रे रिकामा.

सव्वादहाला सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून त्यांनी पत्रक मोठ्याने वाचलं. सातव्या नियमाशी थांबल्या. म्हणाल्या की स्वतःची जागा सोडायची वेळ आली की भले भले मागे सरकतात, यांनी सहीनिशी लिहून दिलं. टाळ्या झाल्या. पत्रकात एक टंकनदोष राहिलाय, असं सांगायला मी उभा राहिलो. नेमका तेव्हा खोकला आला. थांबेपर्यंत मॅडमनी माझ्याशी हात मिळवलाही होता.

ताई पदराने डोळे पुसत होत्या. टंकनदोषाचं राहूनच गेलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मशीन आणि ताई खिडकीपाशी. मी ताईंच्या खोलीत. माझं टेबल दारातून आत जाईना, म्हणून छोटं दिलंय. गुडघे बाहेर राहतात. शांतता आहे, चिंतनाला बरी. लांबवर बघायचं म्हटलं तर भिंत दीड हातावर.
हिरवी पट्टी मिळाली. इथे दिसत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
महिनाअखेर. ताईंनी राजीनामा दिला नाही. आज त्या दुपारपर्यंत दोनदाच खोकल्या. मी मोजत होतो असं नाही, पण दार उघडं असतं.

माझ्या खोलीला एक्झॉस्ट फॅन बसवून मिळावा, असा अर्ज केला. रीतसर, मॅडमकडे. मॅडमनी शेरा मारला की हेडक्लार्कनी नियमानुसार बघावं. तो फिरून माझ्याकडेच आला. हातात घेतला, आणि सवयीने ड्रॉवरमध्ये गेला.

चार वाजता ताईंनी चहाला खिडकीपाशी बोलावलं. सुरक्षेच्या दृष्टीने पाहणी करायला गेलो. पाहणी रोजच करावी लागेल असं दिसतं. वारा छान होता. सतरा वर्षांत माझ्या लक्षात आला नव्हता.
ताईंनी विचारलं की तुमच्या फॅनच्या अर्जाचं काय झालं. विचाराधीन आहे म्हणालो. त्यांनी मग स्वतःची खुर्ची बाजूला सरकवून मला बसायला जागा करून दिली.