बंद खिडकीची सवय

काओशुंग

प्रिय च्याहोंगदादा,

उष्ण प्रदेशातल्या घरांना दुहेरी काच लावण्यात अर्थ आहे का, हो की नाही ते दोन ओळींत लिही आणि खाली सही करून पदवी घाल, असा तुझा मेसेज आला. कशासाठी हवं ते तू लिहिलं नाहीस. घरातली पहिली पदवीधर मी, तीही आर्किटेक्चरची, आणि मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. खरंच येत नाही. तैपेईच्या ऑफिसात कोणी असं विचारलं तर मी आधी त्यालाच विचारते की खिडकी कुठल्या दिशेला आहे, बाहेर सावली आहे का, एसी दिवसभर चालणार का, आणि घरात राहणार कोण. यातला शेवटचा प्रश्न मला कोणी शिकवला नव्हता, तो मी या खेपेला घरी आल्यापासून जोडला आहे. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "बरं, पुढे?" करत राहतोस. मला पुढे जायचं नाहीये.

तुझी काचेवरची श्रद्धा मला कळते. शाळा संपली न संपली तोच तू मामाच्या हाताखाली खिडक्या बसवायला कॅनडात एडमंटनला गेलास. तिकडे बाहेर उणे तीस आणि आत वीस. मधल्या पन्नास अंशांना दोन काचा आणि त्यांच्यामध्ये कोंडलेली हवा थोपवून धरतात. पहिल्याच हिवाळ्यात एका म्हातारीने नवी खिडकी बसल्यावर तुझे दोन्ही हात हातात घेतले, हे तू आईला सांगितलंस आणि आईने गल्लीला. आपल्याकडे बाहेर चौतीस आणि आत सत्तावीस. एवढ्याशा फरकासाठी केवढा तो बंदोबस्त. शिवाय आपली खरी उष्णता उन्हाबरोबर येते. ती दोन्ही काचांतून आरपार आत शिरते आणि मग तिला बाहेर पडायला वाट सापडत नाही. ऊन बाहेरच अडवलं आणि एसी चालू ठेवला तर दुहेरी काच कामाची आहे. आवाजाला तर फारच. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रकांनी आईची झोप वर्षानुवर्षं खाल्ली, तू आपल्या घराला दुहेरी काचा लावून घेतल्यापासून ती शांत झोपते. तिथे तुझं बरोबर होतं. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर म्हणशील की शिकून बहीण फक्त चुका काढायला शिकली.

पण काचा बसवताना ऊन बाहेर अडवणारं जे होतं तेच तू काढायला लावलंस. बैठकीच्या पश्चिमेच्या खिडकीला बाबांनी पिंजऱ्यासारखी पुढे आलेली लोखंडी जाळी केली होती. जहाजाच्या कारखान्यातून घरी आल्यावर ते जिन्यात बसून वेल्डिंग करायचे आणि आपल्याला ठिणग्यांकडे बघू द्यायचे नाहीत. तिच्यातल्या फुलांपैकी एक चार पाकळ्यांचं होतं, कारण पट्टी संपली. तू त्यावरून त्यांना किती चिडवायचास. आई त्या जाळीत डब्यांमध्ये कांद्याची पात लावायची, वर पत्रा होता, आणि या सगळ्याची सावली दुपारभर काचेवर पडायची. मजूर आईला म्हणाले, "मालकाने सांगितलंय, समोरून स्वच्छ दिसलं पाहिजे." मला तेव्हा नुसतं नवल वाटलं. समोर तर गोदाम आहे, बघणार कोण? जाळी भंगारवाल्याने नेली. तिच्या जागी भिंतभर एकच मोठी दुहेरी काच बसली, न उघडणारी.

सातव्या महिन्यात पितरांच्या पूजेला मी घरी आले तेव्हा भर दुपारी दाराला कुलूप होतं. आई कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात सापडली, उंच स्टुलावर, समोर चहात उकडलेलं एक अंडं. काउंटरवरची मुलगी म्हणाली की आजी रोज येतात, आता आमच्याच झाल्यात. आई ओशाळली. म्हणाली, इथं गार असतं आणि माणसं दिसतात. घरात बैठक भट्टीसारखी तापली होती. एसीच्या रिमोटवरचं प्लास्टिकसुद्धा तिने काढलेलं नव्हतं. माझ्यासाठी लावला, मी आंघोळीला गेले तर बंद केला.

पूजेसाठी मासा आणला असेल म्हणून मी फ्रीजर उघडला. मासा नव्हता. कलिंगडाच्या साली, माशांचे काटे, भाज्यांची देठं, सगळं पिशव्यांत बांधून, गोठवून, वरपर्यंत रचलेलं होतं. एखाद्या दिवसाचा ओला कचरा वास येऊ नये म्हणून आपण सगळेच तिथे ठेवतो, पण इतका? तेव्हा उमगलं की बंद काचांमुळे संध्याकाळच्या कचऱ्याच्या गाडीची धून तिला ऐकूच येत नाही. ट्रकांचा आवाज थांबला तशी ती धूनही थांबली. कधी वरून गाडी दिसलीच तर खाली पोचेपर्यंत ती वळण घेऊन गेलेली असते. दादा, आईला त्या पिशवीपुरतंच खाली जायचं नसायचं. लाइ काकू, दूधवाले आजोबा, इस्त्रीवाली, सगळ्या गल्लीच्या बातम्या त्या पाच मिनिटांत व्हायच्या. बाबा गेल्याचं तिने पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं तेही तिथेच, हातात पिशवी धरून. लाइ काकू मला जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "तुझी आई आता काचेच्या कपाटातली झाली गं. आम्हा कचरेवाल्यांत कशाला येईल?" हसून म्हणाल्या, पण त्यांना लागलं होतं.

मी आईला म्हटलं, संध्याकाळी निदान झोपायच्या खोलीतली खिडकी उघडी ठेवत जा, ती तर सरकते. ती म्हणाली, "नको. सवय करतेय." मला वाटलं एसीची म्हणत असेल. तरी एसी बंदच होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी घर विकायला तू नेमलेला दलाल आला. पितरांच्या या महिन्यात कोणी घर घेत नाही, पण बघून ठेवायला काय जातं, असं म्हणत एका जोडप्याला घेऊन आला. रिमोट कुठे असतो ते त्याला न विचारता माहीत होतं. आई आपल्याच घरात पाहुण्यासारखी भिंतीला टेकून उभी राहिली, मग पेरू कापायला आत गेली. त्या जोडप्यातल्या बाईने काचेवर टकटक केलं. "काओशुंगमध्ये दुहेरी काच? इथं बर्फ पडायची वाट बघताय का?" दलाल हसला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, मालकाची बहीण आर्किटेक्ट आहे, त्या उपयोग लिहून देतील. तुझा मेसेज त्याच संध्याकाळी आला. जाताना दाराशी दलालाने आवाज खाली आणला. आजींची काळजी करू नका, म्हणाला, तुमच्या भावाने वृद्धाश्रमात नाव घातलंय, समुद्राजवळ आहे, हवा चांगली. समोरून स्वच्छ दिसायला हवं होतं ते घर घेणाऱ्या गिऱ्हाइकांना, हे मला तेव्हा कळलं.

ते गेल्यावर आईने उरलेला पेरू माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "एडमंटनला पेरू मिळतो का गं?" मी एक फोड उचलली. ती आपली सांगत राहिली, "तिथं खिडक्या उघडत नाहीत म्हणे. इथंच सवय झाली तर तिकडे च्याहोंगला माझा त्रास नको."

तिला नेतो असं तू कधी म्हणालास का, मला माहीत नाही. बहुधा नसशीलच. "घर विकू, मग तुझं बघू," एवढंच म्हणाला असशील, आणि त्या 'बघू'मध्ये तिला विमान दिसलं. तू खोटं बोलला नाहीस. तिची समजूत तेवढी तशीच राहू दिलीस, कारण समजूत असेपर्यंत ती काच पुसत होती, बघायला येणाऱ्यांना पेरू कापून देत होती आणि काही विचारत नव्हती. जे तू सांगायचं होतंस ते मी सांगितलं. कॅनडा नाही, वृद्धाश्रम, हे शब्द मी उच्चारले, आणि ते मला उच्चारायला लागले म्हणून तुला हे पत्र लिहिते आहे. ती रडली नाही. त्या बाईच्या बोटांचे ठसे ओल्या फडक्याने पुसत होती, ते पूर्ण पुसले, फडकं पिळून वाळत घातलं आणि म्हणाली, "मग ही काच काढायला माणूस कधी येईल?" माणूस येऊन गेला. बैठकीला आता साधी सरकती खिडकी आहे आणि वर पत्रा. झोपायच्या खोलीतली दुहेरी काच ठेवली, तिथे ती उपयोगी आहे. तुझ्या दोन ओळींचं उत्तर एवढंच. घर आपल्या तिघांच्या नावावर आहे आणि विक्रीच्या कागदावर माझा सहीचा शिक्का उमटणार नाही, आईचाही नाही, हे दलालाला आम्ही दोघींनी मिळून सांगितलं आहे. काल संध्याकाळी धून लांब असतानाच आई फ्रीजर रिकामा करून दाराशी उभी होती. मी एक पिशवी मागितली तर दिली नाही. तुझी मोठी काच जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवली आहे, चरासुद्धा पडलेला नाही. तिकडे तिचा उपयोग होतो. येशील तेव्हा घेऊन जा.

तुझीच धाकटी,
युनज्ये