चित्रबलाकांच्या बाभळी आणि महांतेशचा वाटा

मी, दानम्मा शंकरप्पा कोरे, वय एकाहत्तर, राहणार नेकनूरजवळ, तालुका व जिल्हा बीड, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. राग आहे, पण तो पूर्ण शुद्धीतला आहे.

१. राहते घर, किराणा दुकान व सोने माझी मुलगी कावेरी हिला द्यावे. दुकानातला पितळी तराजू मोडीत घालू नये.

२. तलावाकाठची पाणथळ जमीनही कावेरीलाच. ती विकू नये, नांगरू नये. माझे यजमान शंकरप्पा यांनी तिथे कधी औत घातले नाही. पाण्यात उभ्या बाभळींवर चित्रबलाक घरटी करत. खाली पाणी असले की रानमांजर वर पोचत नाही. म्हणून पाणी उपसू देऊ नये. गाळ काढताना सगळा काठ खोल करू नये, शेकाट्या पाखरांना उथळ पाणी लागते. पाणकोंबड्यांची पिल्ले मोठी होईपर्यंत पाणकणीस कापू नये. मी लावलेल्या नव्या बाभळी राखाव्यात.

३. जुन्या बाभळी माझा पुतण्या महांतेश याने पाडल्या. त्याला आमच्या जमिनीतून चर खणून, तलावाचे पाणी काढून स्वतःसाठी गाळाची जमीन करायची होती आणि बाभळी चराच्या वाटेत होत्या. दोन वर्षांपूर्वी पौषात, घरट्यांत पिल्ले असताना, त्याने जेसीबी आणला. यजमान आडवे आले, तर त्यांना धरून बाजूला बसवले. चिखलात पडलेली पिल्ले त्यांनी धोतराच्या ओच्यात गोळा केली. एकही जगले नाही. वनखात्याची माणसे आली, तेव्हा महांतेशने जबाब दिला की झाडे काकांनीच पाडली. जमीन आमच्या नावावर, मेलेली पिल्ले यजमानांच्या ओच्यात. गुन्हा त्यांच्यावर लागला. तारखांना जाऊन ते खचले आणि आरोपी म्हणूनच वारले. जाताना म्हणाले, "दानम्मा, लोक म्हनतील, यानंच पाखरं मारली."

४. वकील सांगतात, माणूस गेला की खटला मिटतो. माझा मिटलेला नाही. बँकेतली सगळी शिल्लक महांतेशवर खोट्या जबाबाचा खटला चालवण्यासाठी वापरावी.

५. माझ्या मातीला महांतेशने येऊ नये. मला यजमानांशेजारी, पाणथळीच्या बांधावर पुरावे. तिथूनच त्याला चर न्यायचा आहे. आता दोन समाध्या फोडाव्या लागतील.

६. मागच्या आठवड्यात तो पेढे घेऊन आला. म्हणाला, "काकू, पानथळ माज्या नावानं करा. तुमाला लई सुखात ठिवतो."

मी म्हटले, "तुजं नाव घालते की मृत्युपत्रात."

खुशीत गेला. गावभर सांगितलेही. मी शब्द पाळला आहे. कलम तीनमध्ये त्याचे नाव आहे, नोंदणी झाल्यावर ते सरकारी दप्तरात कायम राहील. दुसरा वाटा त्याला नाही.

वाचून घेतले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

दानम्मा शंकरप्पा कोरे
बीड, १९ मार्च २०२५

साक्षीदार:
१. वत्सलाबाई, शेजारीण. दानम्माने माझ्यासमोर सही केली.
२. बजरंग, चालक. सही माझ्यासमोर झाली. त्या दिवशी जेसीबी मी चालवत होतो. झाडे महांतेशने पाडायला लावली. कोर्टात सांगेन.