डिझेलच्या ट्रेमधला मास्टर सिलिंडर

उस्ताद, तुम्हाला माती दिली त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गाडीच्या सुट्या भागांची जी दशा झाली आहे ती तुम्ही पाहिली असती, तर परळीचं गॅरेज बंद करून रसवंती टाकली असती. परवा एक नवा बोल्ट आवळत होतो, तर त्याचं डोकंच पान्यात राहिलं. ऑइल सील बसवताना फाटतं. बेअरिंगच्या डब्यावर चकचकीत शिक्का असतो, आणि हातात फिरवलं की आत वाळू भरल्यासारखं खरखरतं. तक्रार करावी तर उत्तर ठरलेलं, माल बाहेरून येतो, आम्ही काय करणार. बाहेरून म्हणजे कुठून, ते डब्यावर इतक्या बारीक अक्षरात छापलेलं असतं की भिंगाशिवाय वाचता येत नाही. मी भिंग ठेवलंय. शाळा सातवीत सुटली, इंग्रजी अक्षरं मी डबे वाचून वाचूनच शिकलो. तुमच्याकडे दोनच वर्षं होतो. पुढचं सगळं, डिझेल पंपापासून वायरिंगपर्यंत, माझं मी उघडून, मोडून, जोडून शिकलो. नांदूरघाटात माझ्या गॅरेजवर पाटी आहे, 'इथे चायना माल बसवला जात नाही.' अक्षरं मीच काढलीत, पट्टी लावून.

तो नियम एकदाच मोडला, आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं. आमच्या गावात एकजण जीपवर प्रवासी वाहतूक करतो. त्याच्या जीपचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर गेला. गाडी इतकी जुनी की कंपनीने तो भाग बनवणंच बंद केलेलं. बीडच्या एका दुकानदाराकडे परदेशातून आलेला, आतल्या रबरासकट जोडून तयार असलेला मिळत होता. मी नको म्हणालो. जीपवाला म्हणाला, "मिस्त्री, रविवारी पोरीचा पेपर हाय बीडला. पोलीस भरतीचा. पळण्यात पास झालीय. सहा महिने पहाटं उठून पळालीय वो. आता कावून नाट लावता?" मग मी शुक्रवारी तो बसवला. गावाबाहेर दोन चकरा मारून पाहिल्या, ब्रेक चोख.

रविवारी बीड पंधरा किलोमीटरवर असताना चारही चाकांना ब्रेक पकडून राहिले. पायडल सोडलं तरी सुटेनात. ड्रममधून धूर निघाला आणि गाडी जागेवर थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पोरगी एका मोटारसायकलवाल्याला हात करून निघाली, पण पोचली तेव्हा गेट बंद झालं होतं. वॉचमनपुढे तिने हात जोडले म्हणे.

गाडी ओढून आणली. सगळ्यांदेखत मी सिलिंडर उघडला. आतल्या रबराच्या वाट्या फुगून बसल्या होत्या, तेल परत जायचं बारीक भोक त्यांनी पुरतं बुजवलं होतं. मी त्या हातावर घेऊन सगळ्यांना दाखवल्या, म्हणालो, "बघा, हा तुमचा चायना." दुसऱ्या दिवशी जीपवाल्याला घेऊन बीडला गेलो, त्या वाट्या दुकानदाराच्या काउंटरवर आपटल्या, आणि भर गिऱ्हाइकांत जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्या आठवड्यापासून आमच्या भागातल्या मिस्त्र्यांनी त्याच्याकडून माल घेणं सोडलं. माझ्या शब्दावर.

तो दुकानदार तरी कसला माणूस! चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मिस्त्री, तिकडचा कारखाना मागाल तसं देतो. भंगार मागितलं की भंगार, चांगलं मागितलं की चांगलं. ह्यो म्या बघून, निवडून मागवलेला हाय. ह्यो दुसरा घ्या. उघडा, रबर ब्रेक ऑइलात टाका. फुगलं तर माझ्या तोंडाला काळं फासा."

मी तो आणला. मी परळी सोडताना तुम्ही दिलेल्या व्हर्नियर मापपट्टीने आतलं रबर मोजलं, तीन दिवस ब्रेक ऑइलात ठेवलं, पुन्हा मोजलं. केसाएवढाही फरक नाही. मग सिलिंडरचं आतलं बोअर पाहिलं, स्प्रिंग पाहिली. राग यावा इतकं नेटकं काम, उस्ताद. आपल्याकडच्या नावाजलेल्या डब्यातून असं काम मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मला ते वाईट निघायला हवं होतं. मी पुन्हा पुन्हा मोजत राहिलो, जणू आकड्यालाच लाज वाटून तो बदलणार होता.

मग पहिला फुगला कशाने? हा प्रश्न घेऊन बसलो होतो, आणि समोर डिझेलचा ट्रे होता. शुक्रवारी तो सिलिंडर डब्यातून काढला तेव्हा त्याला गंज लागू नये म्हणून चिकट तेल फासलेलं होतं. मला ती परकी घाण वाटली. म्हणून मी तो अख्खा ट्रेमध्ये बुडवला, पिस्टन दाबून दाबून आतपर्यंत डिझेल फिरवलं, वर दुसरं स्वच्छ डिझेल घेऊन पुन्हा धुतला. मी नेहमी सुटा माल बसवतो. लोखंड डिझेलात धुतो आणि रबर शेवटी ब्रेक ऑइलात भिजवून घालतो. इथे रबर आधीच आत होतं. दुसऱ्याच्या मालाला शिव्या घालण्याच्या नादात ते माझ्या डोक्यातच आलं नाही. खात्रीसाठी त्याच दुसऱ्या जोडातली एक वाटी डिझेलात टाकली. दोन दिवसांत फुगली.

परळीत पहिल्याच महिन्यात मी हेच केलं होतं. तुम्ही मारलं नाही. ती वाटी डिझेलातच राहू दिली आणि म्हणालात, "रबर कू डिझेल पिलाया ना? अब देख, पेट फूलेगा इसका." पेट फुगल्यावर ती वाटी तुम्ही सुतळीत ओवून आठवडाभर माझ्या गळ्यात घातलीत. वीजकेंद्राची राख नेणाऱ्या ट्रकांचे ड्रायव्हर विचारायचे, आणि तुम्ही मलाच सांगायला लावायचात. मी मनात तुम्हाला शिव्या घालत होतो. आणि लोकांना आजवर सांगत आलो की मला कुणी शिकवलं नाही.

हे टपालात टाकण्याचा प्रश्नच नाही, कबरस्तानाला पिनकोड नसतो. काल सकाळी जीपवाल्याच्या घरी गेलो होतो, सांगायचं म्हणूनच. तो म्हणाला, "त्या दुकानदाराला म्या सोडणार न्हाई. सोमवारी त्याच्याकडं जायचं, तुमी सोबत या." पोरगी पळण्याचा सराव करून आली होती, बूट काढत होती. तिने सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "काका, ते दुसरं रबर तपासलं का? काय निघालं?"

"बघतोय अजून," मी म्हणालो. बघून चार दिवस झाले होते.