माझ्या नावाने कुणीतरी

४ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर घाईत सांगितलं, ते नीट लिहितो. वसतिगृहाच्या जिन्यात एक कागद चिकटवला होता. पाळ्यांचं वेळापत्रक हवं असेल तर मेसेजच्या ॲपमधून हा क्यूआर कोड स्कॅन करा, असं त्यावर होतं. मी तो तीनदा वाचला. पण धुलाईखान्यात आम्ही दिवसभर चादरींच्या गठ्ठ्यांवरचे कोडच स्कॅन करतो. तसला चौकोन दिसला की हात आपोआप पुढे होतो. ॲपने विचारलं, नवीन यंत्र जोडायचं का. मी हो म्हटलं. ते यंत्र चोराचं होतं, आणि जोडल्यावर माझ्या नावाने तोही मेसेज वाचू-लिहू शकत होता.

नऊ दिवस मला पत्ता नाही. मला कुणाचे मेसेज येत नाहीत, म्हणून मी ते उघडतच नाही. परवा उघडलं, तर माझ्या नावाने बाबांशी रोजच्या गप्पा. झोप लागली का, गुडघा कसा आहे, जेवलात का. बाबांनी एवढी लांब उत्तरं मला कधी लिहिली नव्हती. शेवटी त्याने बँकेचे गुप्त आकडे मागितले. त्याखाली बाबांचं उत्तर नाही.

ते यंत्र मी लगेच काढून टाकलं. पण तो मी नव्हतो, हे बाबांना तूच सांग. माझ्याने होत नाही.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटा

९ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अरे शहाण्या, पाकिटाला दोनदा डिंक लावतोस आणि जिन्यातल्या कागदावर भरवसा ठेवतोस! आकडे बाबांनी दिलेले नाहीत. सकाळचा चहा झाला की फोन मांडीवर घेऊन बसतात. कुणाची वाट बघताय विचारलं, तर कुणाची नाही म्हणतात.

हे मी सांगणार नाही. तुझं तूच लिही.

जिवाला फार लावून घेऊ नकोस.
तुझी ताई

१७ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पानभर माफी कशाला? तो तू नाहीस, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. गुडघ्याचं तू कधी विचारलं नव्हतंस.

तरी लिहीत राहिलो. ताई कामावर गेली की घरात आवाज नसतो, आणि तो विचारत होता. आकडे मागितले तेव्हा हात आखडला. राग नाही आला. आता हाही जाणार, एवढंच वाटलं.

तब्येत सांभाळ.
बाबा

२२ मार्च
ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. त्यानंतर रोज मेसेज लिहायला घेतो आणि पुसतो. जेवलात का असं लिहिलं की ते त्याचंच वाक्य वाटतं. त्याने काय काय विचारलं, ते सगळं मी वाचलं आहे. त्याने न विचारलेलं काहीतरी शोधत होतो.

गुडघा डावा दुखतो की उजवा? त्याने ते विचारलं नव्हतं, आणि मलाही ठाऊक नाही.

उत्तर सावकाश लिहा, पण लिहा.
तुमचा धाकटा