त्या रविवारी पाहुणे आले होते

बाबा, तुमच्याबद्दल मी एका माणसाला खोटं सांगितलं आहे, आणि ते तुम्हाला कळायला हवं.

भद्रावतीच्या कॉलनीतलं मैदान तुम्ही सांभाळायचात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी चुन्याच्या रेषा मारताना दोरीचं एक टोक माझ्या हातात असायचं. बाहेरच्या पट्टीतला धावणारा पुढून का सुटतो, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "त्याचा घेर मोठा रायते ना." पहिले बूटही तुम्हीच आणलेत, एक नंबर मोठे, पुढं कापूस कोंबून घालायचे. म्हणूनच बारावीत, नागपूरला विभागीय स्पर्धेसाठी माझी निवड झाली आणि त्याच रविवारी चंद्रपूरचे पाहुणे मला बघायला येणार ठरलं, तेव्हा तुम्ही माझ्या बाजूनं बोलाल याची मला खात्री होती. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "दौड पुढच्या साली बी येते." मान वर केली नाहीत. मी साडी नेसून पोहे दिले. त्यांनी होकार कळवलाच नाही. पुढच्या साली शाळा संपली होती. मग पदवी झाल्यावर एक दिवस तुम्ही स्वतः जाऊन बी.पी.एड.चा फॉर्म आणलात आणि माझ्यासमोर ठेवलात. त्या रविवारबद्दल आपण कधीच बोललो नाही.

आता मी गडचिरोलीकडे एका निवासी शाळेत खेळ शिकवते. मुली ट्रॅक पँट घालून एसटीनं तालुक्याला जातात, कुणी वळून बघत नाही. देशासाठी धावणाऱ्या बायकांचे पेपरातले फोटो त्यांच्या पेट्यांच्या झाकणांना आतून चिकटवलेले असतात. त्यातल्या एकीची, बारावीतल्याच, यंदा विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली. दोन दिवस आधी तिचे वडील धानाची कापणी सोडून, जंगलातल्या गावातून तिला न्यायला आले. शर्यतीच्याच रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. ती माझ्यामागे खाली बघत उभी होती. माणूस वाईट नव्हता. व्हरांड्यात बसून पाणी प्याला, आणि पाहुण्यांना आता काय तोंड दाखवू म्हणाला. मी पुष्कळ समजावलं. कायदा, नोकरी, शिष्यवृत्ती, सगळं सांगून झालं. मग त्यानं विचारलं,

"बाई, तुमच्या बापानं जाऊ देलं होतं का तुमाले?"

मी म्हणाले, "हो. पाहुण्यांना म्हणाले, पुढच्या रविवारी या."

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग बस किती वाजता निघते, एवढंच त्यानं विचारलं. मीही येतो म्हणाला.

ती चौथी आली. परतताना तो बसमध्ये शेजारच्याला तुमच्याबद्दल सांगत होता, बाईच्या बापानं असं केलं म्हणून. मी खिडकीबाहेर बघत बसले. त्याला खरं मी कधीच सांगणार नाही, आणि हे पत्रही वहीतच राहील.

फक्त एक सांगते. शर्यत सुटली तेव्हा तिची वेळ घ्यायचं काम माझं होतं. पण तो कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभा होता, आणि मी त्याच्याकडेच बघत राहिले. हातातलं घड्याळ दाबायचं राहून गेलं.