बशीआडचे ओठ

मर्गिलान, १२ जून १९९९

चि. मुहाय्यो हिस तुर्दीअलीमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. टॅक्सीवाल्याने ते खरबुजांखाली दडपून आणलं, त्यामुळे अर्धं भिजलं होतं. जे वाचता आलं तेवढ्यानेच डोकं फिरलं. डॉक्टरीणबाई म्हणते की स्वरतंतूंवर गाठी आल्यात, दोन महिने तोंड बंद ठेव, नाहीतर चिरफाड करावी लागेल आणि वरचे स्वर परत येतील याची खात्री नाही. तुझ्या गाण्याच्या सुपाऱ्या घेणारा तो दावरोन म्हणतो की इंजेक्शन घे, सूज उतरेल, लग्नांचा हंगाम निभावून नेता येईल. यात विचार कसला करतेस? ज्याला सनई आणि सायकलचा भोंगा यांतला फरक कळत नाही, तो तुझ्या गळ्याचा मालक कधीपासून झाला?

दिवसाला तीन लग्नं. नाचणाऱ्यांच्या पायांत गायचं, मधे बर्फाचं गोड पाणी ढोसायचं, आवाज बसला की खाकरायचं. याला तुम्ही ताश्कंदचे लोक कारकीर्द म्हणता. आमच्याकडे वीटभट्टीच्या गाढवालासुद्धा दुपारी सोडतात.

खाकरू नकोस. कुजबुजूही नकोस, त्याने तंतू जास्तच घासतात. कोमट पाणी पी आणि झोप काढ. मामी बिहीदाणे पाठवते आहे, ते रात्री भिजत घाल.

आणखी एक. माझे जोडीदार हाशिमआका गेले तेव्हापासून मी गायलेलो नाही. बशी तोंडाशी धरून, वाद्याविना आवाज फेकायचा, हे आपलं कत्ता अशुला एकट्याचं गाणं नव्हेच. एकाने कडवं टाकायचं, दुसऱ्याने उचलायचं. ऑक्टोबरात गवयांचा मेळा आहे. हाशिमआकांची जागा मी तुझ्यासाठी राखली आहे. मिशीवाले सोडून पोरीला दिली म्हणून कित्येकांनी नाकं मुरडली, मुरडू देत. आता तोंड बंद ठेवलंस तर ऑक्टोबरात उघडता येईल.

लोभ माझ्याकडून पाठवतो आहे, अक्कल तुझी तूच आण.

तुर्दीअली


ताश्कंद, ४ जुलै

ती. मामांस मुहाय्योचा सलाम, वि. वि.

बिहीदाणे मिळाले. भिजवल्यावर झालेला लगदा पाहून दावरोनआकांनी विचारलं की भिंतीला कागद चिकटवायचा आहे का.

तुमचा उपदेशही मिळाला. मामा, उचलली जीभ लावली टाळ्याला! तुम्ही जन्मभर चायखान्यात गायलात, वाडगाभर पलोव खाल्लात आणि धन्य झालात. माणसं तुम्हाला ऐकायला चालत यायची. इथे माणसं आधी गवई कुठल्या गाडीतून उतरला ते बघतात. मी एक हंगाम गप्प बसले तर माझ्या जागी दुसरी उभी राहील, आणि तिला गाता येतं का, हे कुणी विचारणारही नाही. माझ्या वर्गात माझ्याहून चांगली गाणारी एक होती. ती आजारी पडली. आज ती बाजारात पडद्याचं कापड विकते. मला पडदे विकायचे नाहीत.

पण भांडत नाही. उद्यापासून मौन. सप्टेंबरात तुमच्याकडच्या रेशीमवाल्या कमोलच्या मुलाचं लग्न तेवढं घेतलं आहे. तिथे बशी धरून तुमचंच गाणं गाईन. या, आणि नाकाने कांदे सोलायचे ते तिथे बसून सोला.

रागावलात तरी विसरू नये, ही विनंती.

आपली,
मुहाय्यो


मर्गिलान, २० सप्टेंबर

चि. मुहाय्योस करोमतमामीचे आशीर्वाद.

तू लग्नातून न जेवता, मामांना न भेटता गाडीत बसून निघून गेलीस, म्हणून लिहिते. मला त्यांच्यासारखं टोचून लिहिता येत नाही, तेव्हा सरळच लिहिते.

तू बशी तोंडाशी धरलीस, आवाज आला, आणि पुरुषांच्या बाजूला तुझे मामा रडायला लागले. आवाज आजारपणाच्या आधीचा, लख्ख. त्यांना वाटलं, पोरीने ऐकलं, गप्प राहिली, गळा परत आला. कडवं संपताच ते उठले, समोरची बशी पुसून तोंडाशी धरली आणि रिवाजाप्रमाणे पुढचं कडवं उचललं. दुसरा उठला की पहिल्याने थांबायचं, हे मर्गिलानच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुझा आवाज थांबला नाही. यंत्रातून येणारा तो, त्याला कसला रिवाज! तो त्यांच्या आवाजावरून तसाच पुढे चालत गेला.

आम्ही बायका कडेला बसलो होतो. बशीआड तुझे ओठ मिटलेले मी पाहिले. त्यांनाही त्या क्षणी कळलं. त्यांनी बशी खाली ठेवली, खोकल्याचं सोंग केलं आणि कमोलला सांगितलं की म्हातारपणी कान गेले, कडवं संपलंसं वाटलं, पोरीच्या गाण्यात उगाच लुडबुड झाली.

आता चायखान्यात त्यांना बहिरा गवई म्हणतात. मेळ्याला येऊन हसं करून घेऊ नका, असा निरोपही आला आहे. मी खरं काय ते सांगायला निघाले, तर मला म्हणाले की बोललीस तर या घरात तुझ्या हातचा चहा पिणार नाही. इतकी माणसं तुझ्या गाण्याला डोलली, आणि लाज वाटून घ्यायची पाळी एकट्या त्यांच्यावर आली. मला तुझी किळस आली होती. आज थोडी कमी आहे, म्हणून लिहायला बसले.

दूध उतू जातंय, थांबते.

तुझी मामी


ताश्कंद, २ ऑक्टोबर

ती. मामा,

सलाम लिहायची लाज वाटते, तरी सलाम.

मौन मी एक दिवसही पाळलं नाही. इंजेक्शनं घेतली आणि उन्हाळाभर गायले. ऑगस्टअखेर एका लग्नात वरचा स्वर लावला, तर तोंडातून नुसती हवा आली. मग दावरोनने वसंतात केलेली माझ्या आवाजाची फीत काढली. तोंडापुढे बशी असल्यावर ओठही हलवायला नकोत, याचा त्याला केवढा आनंद झाला! मीही त्याच्याबरोबर हसले, मामा.

कमोलकडच्या लग्नानंतर मी त्याला सांगितलं की पुन्हा उभी राहणार नाही. त्याने नाचणाऱ्यांतली एक मुलगी घेतली, तिला माझा झगा घातला, बशी दिली आणि माझी फीत लावली. काल चिरचिक गावातल्या लग्नात तिला फार दाद मिळाली म्हणे. माझा आवाज माझ्यावाचून लग्नांना जातो, आणि मी दुकानात नान मागतानाही बोट दाखवते. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर खवखवण्यापुरताही गळा उरला नाही.

डॉक्टरीण म्हणते की हिवाळाभर अगदी मुकी राहिलीस तर चिरफाडीवाचून निभेल. वरच्या स्वरांचं तिलाही सांगता येत नाही. मी तिकडे येऊन चायखान्यात सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. आवाज नाही, तर पाटीवर लिहून दाखवीन. तुम्ही माझ्याबद्दल हवं ते बोला, कमीच पडेल.

मुहाय्यो


मर्गिलान, १८ ऑक्टोबर

चि. मुहाय्योस आशीर्वाद.

पाटी घेऊन चायखान्यात उभं राहायचं काही कारण नाही. तिथल्यांना यंत्र आणि माणूस यांतला फरक लग्नात कळला नाही, तो पाटीवर काय कळणार? शिवाय बहिरा ठरल्यापासून माझी चैन आहे. आमच्या पोराचं गाणं ऐका म्हणून कुणी मागे लागत नाही.

दावरोनला ती फीत लखलाभ. वाजवून वाजवून तीही घासेल, आणि तिला बिहीदाणे लागू पडत नाहीत.

मेळ्याला गेलो. येऊ नका म्हणाले, म्हणून मुद्दाम गेलो. पहिलं कडवं गायलो, बशी खाली केली आणि पुढचं कडवं होईल तेवढा वेळ गप्प उभा राहिलो. मागे हशा पिकला, म्हातारा विसरला म्हणून. दोघे मिशीवाले बशा घेऊन उठले, त्यांना हाताने खाली बसवलं. मग कोकंदचे जुने गवई इसाकआका यांनी काठी आपटली आणि सगळ्यांना दटावलं की कुणाचं तरी कडवं चालू आहे, गप्प बसा. तिसरं कडवं मी एक स्वर वर चढवून गायलो. शेवटपर्यंत असंच. तुझी सगळी कडवी रिकामी ठेवली, एकही कुणाला उचलू दिलं नाही. लोकांना गाणं मुळीच आवडलं नाही. मला त्या दिवशी फार रडू आलं, ते मामीला सांगू नकोस.

हिवाळा इथे काढ. वरचे स्वर आले तर आले. नाही आले तर मी खालून उचलीन, माझी काय मान मोडणार आहे? बोलायचं ते लिहून दे. मीही लिहूनच उत्तर देईन, तुझ्या अकलेवर तोंडाने बोलायला लागलो तर माझाच घसा बसेल. हाशिमआकांची बशी कोनाड्यात आहे. मामी तिच्यात मुरंबा काढायला निघाली होती, तिला अडवलं.

लोभ मागू नकोस, तो कुठे गेलेला नाही.

तुर्दीअली

ता. क. : आलीस की दार नुसतं वाजव. कोण आहे, असं आतून कुणी विचारणार नाही.