थापटलं की सोडायचं

दिनांक १५, रविवार, दुपार

चिरंजीव धाकट्यास,

पोटभर आशीर्वाद. मी तुझी आई. विसरला असशील म्हणून आधीच सांगते. उंची बेताची, दात मोजके, आवाज मोठा. आठवलं असेल तर पुढे वाच. मागच्या बंदरातून तू पत्र टाकणार होतास. ते बंदरच बुडालं की काय, कळलं नाही.

इकडे सगळं ठीक. सूनबाईची दवाखान्यात दुपारची पाळी, त्यामुळे घरात मी आणि तुझी लेक मुंगी. माझा गुडघा दुखतो, पण मी त्याच्याशी बोलत नाही. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. कुणी दुरुस्त केला नाही, त्यालाच कंटाळा आला असावा. एरवी माझी पत्रं खालचा औषधवाला लिहून देतो. आज मुंगी लिहितेय, तेव्हा अक्षर तरी लागेल.

तुझा निरोप पोचला. मुंगीच्या पदकाचा फोटो तू जहाजावर जेवणाच्या खोलीत लावलास, कप्तानाला दाखवलास, मोठ्या स्पर्धेसाठी रजाही टाकलीस. फोटो भिंतीला कशानं लावलास? चिकटपट्टीनं असेल तर बरं. सहज विचारलं.

जुडोच्या बाई तू पाहिलेल्या नाहीस. बारीक, केस कापलेले, आवाज कधी चढत नाही. मी मुंगीला सोडायला जाते आणि भिंतीकडेच्या बाकावर बसून पोरांच्या डगल्यांच्या उसवलेल्या गळपट्ट्या शिवते. सुरुवातीला बाई पोरांना नुसतं पडायला शिकवायच्या. मी म्हटलं, यात काय शिकायचं, मी न शिकता पडते. मग दुसऱ्याला पाडायला शिकवलं, पण पाडताना त्याची बाही सोडायची नाही, म्हणजे डोकं आपटत नाही. पाडायचं आणि सांभाळायचंही. मी सासू झाले तेव्हा हे कुणी शिकवलं नव्हतं, नाहीतर सूनबाईचे दिवस सोपे गेले असते.

आणखी एक मला फार आवडायचं. एकीनं दुसरीला गळपट्टी धरून आवळलं, की खालची पोरगी वरचीच्या दंडावर हलकेच थापटायची. लगेच वरची सोडायची. मला वाटायचं, शाबासकी देतात. गळा आवळणारीलाही शाबासकी. मी मनात म्हणायचे, काय वळण लावलंय बाईंनी.

पदकाच्या त्या स्पर्धेत, शेवटच्या लढतीत मुंगीसमोर एक उंच पोरगी होती, नदीपलीकडच्या वर्गातली. तिनं मुंगीला खाली घेऊन चांगलंच आवळलं. पंच पलीकडच्या बाजूला, मी अलीकडे. मुंगीनं तिच्या दंडावर थापटलं. तिनं सोडलं. पंच काही बोलले नाहीत. मुंगी उठली आणि तिला असं उचलून टाकलं की सगळा हॉल उभा राहिला. मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले.

पुढच्या वर्गाला मी सगळ्या पोरांसमोर बाईंचं कौतुक केलं. म्हटलं, तुमची शिकवण हो बाई. जीव कासावीस झाला होता, तरी आमचीनं त्या पोरीला थोपटलं.

मुंगी पट्टा बांधत होती, ती बांधतच राहिली. बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, ती शाबासकी नसते. थापटलं म्हणजे, मी हरले, आता सोड."

इथे मुंगी थांबली आहे. पेनाचं टोपण लावते, काढते. मला घाई नाही. मी तोवर पाणी पिऊन येते.

हं, लिही.

बाई तिला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पंचांना दिसलं नाही. पण तिनं तुझ्या थापटण्यावर विश्वास ठेवला." आणि रोजच्यासारखा वर्ग सुरू केला. घरी येऊन पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली. मला वाटलं पदकासाठी रडतेय. ती म्हणाली, "आजी, बाबांनी रजा टाकलीय गं."

कालच्या नव्हे, त्याच्या आधीच्या शनिवारी आपणहून म्हणाली, नदीपलीकडे जायचंय. बसनं गेलो. तिकडे सगळी पोरं गादीवर आणि उंच पोरगी बाकावर, घरच्या कपड्यांत. मुंगीनं तिच्यापुढे पदक धरलं आणि म्हणाली, "मी थापटलं होतं." त्या पोरीनं पदकाकडे बघितलंही नाही. तिनं दोनदा विचारलं, खरंच थापटलं होतंस ना?

तिचे सर तिला म्हणत होते, तू उगाच लवकर सोडलंस, तुला भास झाला. तिलाही ते पटलं होतं. मग सरावात एका लहान पोरीनं थापटलं, तेव्हा हिनं खात्री करायला जरा जास्त धरून ठेवलं. त्या पोरीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हापासून ही बाकावर. कुणी बसवलं नव्हतं. स्वतःच्या हातांवर तिचा भरवसा राहिला नव्हता.

तर पदक आता तिकडे आहे. बाईंनी स्पर्धावाल्यांना कळवलं, मोठ्या स्पर्धेला उंच पोरगी जाणार. मुंगी रोज शाळेतून तिकडे जाते. ती आवळते, ही थापटते, ती सोडते. पुन्हा आवळते. परवा मी बाकावरून बघत होते. थापटायच्या आत उंच पोरगी सोडत होती, मुंगी ओरडली, "अगं, अजून थापटलं नाही मी." दोघी हसत सुटल्या. मीही हसले, आता मला खेळ कळतो.

तू रागावशील हे धरून चालले आहे. जहाजभर सांगून बसलास, आता शब्द मागे कसा घ्यायचा, असं वाटेल. फोटो तुझ्या हातानं काढ आणि कप्तानाला खरं काय ते सांग. तुझ्या पोरीनं सगळ्या वर्गासमोर सांगितलं, तुला जेवणाच्या खोलीत जमेल. आणि रजा रद्द करू नकोस. माझ्याशेजारी बाकावर बस, उंच पोरीसाठी टाळ्या वाजव.

एक राहिलं. हे पत्र औषधवाल्याकडून लिहून घेऊ, असं मी मुंगीला म्हटलं होतं. ती म्हणाली, नको, माझ्या हातानंच जाऊ दे. मला वाचता येत नाही, तेव्हा मी सांगितलेला एखादा शब्द तिनं गाळला आहे की नाही, हे मला कळायचं नाही. तुला कळेल. मी तर तिच्यावर सोडलं आहे.

येताना सुके अंजीर आण, ते मऊ, मागच्या खेपेचे दगड नकोत. दोन डबे. मोठा डबा नदीपलीकडच्या पोरीसाठी.

तुझी, दात मोजके असलेली,
आई